सतरा नंबरची काठी

लाल चिंधीची काठी कुठे रोवायची हे ज्याला कळत नाही त्याने माळावर पाऊलच टाकू नये, असं गजराबाईचं ठाम मत होतं, आणि ते ती कोणी न विचारताही सांगायची.

मढ गावाच्या वरच्या अंगाला डांबरी सोडून तासभर चढलं की एक लांबरुंद माळ लागतो. त्या माळाच्या पोटात काळलवण आहे. आठ-नऊ एकरांची ओली, खोलगट जागा. दुरून बघणाऱ्याला वाटतं, काय सुंदर कुरण आहे! मेंढरांनाही तसंच वाटतं, आणि तिथेच सगळी भानगड आहे. वर गवताचं जाड कातडं, खाली काळा लगदा. पाय पेलणारी जमीन कुठे संपते आणि लगदा कुठे सुरू होतो ते डोळ्यांना कळत नाही. म्हणून मेंढरंवाल्यांची जुनी रीत आहे. दिवाळीनंतर जो कळप पहिल्यांदा माळावर चढेल त्यातल्या एकाने पुढे जायचं, काठी टोचत टोचत लवणीला वळसा घालायचा, आणि जिथवर जमीन खुराचं ओझं पेलते तिथे लाल चिंधी बांधलेल्या काठ्या रोवायच्या. इथवर या, पुढे नको, एवढाच त्याचा अर्थ. मागून येणारा कळप ओतुराकडचा असो नाहीतर आंबेगावाकडचा, तो चिंधीवर विश्वास ठेवून चरतो.

गजराबाई अकरा वर्षांची होती तेव्हा तिच्या बापाची नऊ मेंढरं या लवणीत गेली. तिचा बाप डावरा होता. लोकरीचा दोरा वळायचा तोही डाव्या हाताने, त्यामुळे त्याचा पीळ सगळ्या जगाच्या उलटा पडायचा. त्याच्या दोराला दुसऱ्या कोणाचा दोर जोडायला गेलं की दोन्ही उलगडायचे आणि जोडणारा वैतागायचा. असा तो बाप नऊ मेंढरं गेल्यावर दोन सालं दुसऱ्याच्या बागायतीत मजुरी करत राहिला. का गेली मेंढरं? ती गोष्ट गजराबाईच्या तोंडून माळावरच्या प्रत्येकाने ऐकली होती: कुणीतरी काठी उपटली. कोणी ते सापडलं नाही, पण उपटली. हे सांगताना तिचा आवाज असा चढायचा की ऐकणारा पुढचं काही विचारायचा नाही.

आता ती त्रेसष्ट वर्षांची. नवरा गेणू जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा भैरवनाथ स्वतःच्या वाटणीची मेंढरं विकून ओतूरला खतांच्या दुकानात लागला. आठवडी बाजाराला ती खाली उतरली की त्याचा फोन, "आई, खाली ये, दोन खोल्या हायती, टीव्ही हाय." टीव्हीचं नाव काढलं की गजराबाईचं डोकं फिरायचं. तिच्याकडे चौतीस मेंढरं होती. पावसाळ्यात ती त्यांना घेऊन लोणीकडच्या कोरड्या मुलखात जायची, तिथल्या शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, आणि दिवाळी झाली की पुन्हा माळ. जन्मभर हेच. बदल म्हणून काय झालं असेल तर गुडघे दुखायला लागले.

अशा बाईच्या माळावर गेल्या दिवाळीनंतर वृषाली आली. सत्तावीस वर्षांची, पुण्याच्या एका संस्थेत संशोधन करणारी, पाठीवर तिच्याएवढीच पिशवी. पहिल्या दिवशी ती लवणीच्या कडेला पालथी पडून मातीचा वास घेत होती. गजराबाईला वाटलं पोरीला फेफरं आलं. तिने पायातली वहाण काढून नाकाशी धरली, तेव्हा पोरगी ओरडत उठली.

"आज्जी! काय करताय!"

"आन् तू काय करती? माती हुंगती?"

ओळख ही अशी झाली. पुढे कळलं की पोरगी लोणीचीच, आणि तिच्या आजोबांच्या, सोमाजींच्या मळ्यात गेणूची मेंढरं सतरा सालं बसली होती. मग काय, कोरा चहा आणि भाकरी मिळायला लागली. पण त्याबरोबर बोलणीही मिळायला लागली, कारण गजराबाई ज्याला भाकरी देते त्याला सुनावण्याचा हक्कही राखून ठेवते.

"या काळ्या मातीत हाय काय एवढं?" तिने एकदा विचारलं.

"ही माती नाही आज्जी, हे गवत आहे," वृषालीने मूठभर लगदा पिळून दाखवला. बोटांतून पाणी गेलं आणि हातात तपकिरी तंतू राहिले. "गवत मरतं. बाहेर असतं तर कुजलं असतं आणि त्यातला कार्बन हवेत गेला असता. इथे पाण्याखाली हवाच पोचत नाही, म्हणून धड कुजत नाही, नुसतं साचतं. वर्षाला केसभर. हजारो वर्षांचं गवत खाली दाबून बसलंय. पण लवण वाळली की आत हवा शिरणार, आणि हे सगळं हळूहळू वर जाणार. हवा आणखी तापणार."

"म्हंजी उकिरडा," गजराबाई म्हणाली. "वला हाय तवर गप पडून ऱ्हातुया. वाळला की आतल्या आत धुमसतुया."

"अगदी तेच!"

"मंग हे सांगायला पुन्याहून यायला लागतंय व्हय?"

तरीही तिने पोरीला पुष्कळ सांगितलं. तिच्या लहानपणी काठ्या पार वरच्या खडकाजवळ लागायच्या, आता दरसाल चार-पाच पावलं आत लावाव्या लागतात, कारण कडा वाळत चाललीये. पाऊस पडतो तो एकदम कोसळतो आणि वाहून जातो, भिजवत नाही. तीन सालांमागे वणवा आला तेव्हा माळावरचं गवत तासाभरात जळून विझलं, पण लवणीची वाळलेली उगवतीकडची कड आठ दिवस जमिनीखालून धुमसत होती, वर जाळ नाही, नुसता धूर, आणि एका मेंढ्याचा खूर भाजला. वृषाली हे सगळं वहीत लिहीत होती आणि मध्येच विचारत होती, "किती पावलं? तुमची पावलं की नवऱ्याची?" गजराबाईला असल्या प्रश्नांचा कंटाळा यायचा, पण उत्तर ती बरोबर द्यायची.

वृषालीला शोधायचं होतं ते एवढंच की या लवणीत एकूण किती कार्बन आहे. लवण किती रुंद ते वरून काढलेल्या फोटोत दिसत होतं. लगदा किती जड, त्यात कार्बन किती, ते पुण्यात वाळवून-जाळून कळणार होतं. अडत होतं ते खोलीपाशी. छत्तीस जागी लोखंडी रॉड खुपसून बघायचं, सरासरी काढायची, गुणाकार करायचा.

आणि या गुणाकाराची गजराबाईला वृषालीपेक्षा जास्त गरज होती. त्याचं कारण दादाभाऊ. दादाभाऊ म्हणजे तिच्या चुलत दिराचा मुलगा, ग्रामपंचायतीचा सदस्य, आणि डोक्यात कायम काहीतरी शिजत असलेला माणूस. माळशेजला येणाऱ्या पुण्या-मुंबईच्या गाड्या वर माळापर्यंत न्यायच्या, लवणीच्या उतरत्या अंगाला चर खणून पाणी काढून द्यायचं, वर मुरूम टाकायचा, तंबू ठोकायचे, असा त्याचा बेत होता. लवणीच्या खालच्या अंगाला खडकातून एक झरा येतो. वैशाखात सगळ्या माळावर पाणी असतं ते तिथेच. चर खणला की झरा आटणार, झरा आटला की मेंढरं विकावी लागणार, आणि मेंढरं विकली की गजराबाई ओतूरच्या दोन खोल्यांत टीव्हीसमोर. हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तालुक्याच्या साहेबांनी बैठकीत सांगून टाकलं होतं की लगद्याची सरासरी खोली मीटरभर निघाली तर लवणीला कोणी हात लावायचा नाही, कमी निघाली तर तो साधा चिखल, पंचायतीने काय ते करावं. मोजायचं काम वृषालीच्या संस्थेकडे.

आता इथून पुढे जे झालं ते ऐकून कोणाला हसू आलं तर येवो, पण त्या वेळी तिथे कोणी हसलं नाही.

जानेवारीत गजराबाई दोन दिवस ओतूरला गेली, धाकट्या नातीच्या, समृद्धीच्या बारशाला. मेंढरं शेजारच्या वाडीतल्या अंजनावर सोपवली. त्याच दोन दिवसांत वृषालीने फळ्या टाकून, जीव मुठीत धरून, काळलवणीत छत्तीस काठ्या रोवल्या. बांबूच्या, नंबर टाकलेल्या, आणि दुरून दिसाव्यात म्हणून प्रत्येकीला लालभडक फीत. कामगिरी फत्ते करून ती पुण्याला गेली.

गजराबाई परत आली आणि बघते तो काय. लवणीच्या मधोमध लाल चिंध्या! जिथे हत्ती घातला तरी दिसणार नाही तिथे चिंध्या फडफडतायत, या म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी आंबेगावाकडून रखमाजीचा दोनशेचा कळप चढायचा होता. रखमाजीला फोन लावला तर माळावर रेंज कुठली. वृषालीला लावला तर तीच गत. गजराबाईने वृषालीच्या सात पिढ्यांना आठवलं, मग त्यातली एक पिढी सोमाजींची आहे हे लक्षात येऊन तेवढी वगळली, आणि लुगड्याचा काचा मारून लवणीत उतरली. झुडपांवर, गवताच्या गड्ड्यांवर पाय देत, पोटावर सरपटत, तिने अकरा काठ्या उपटल्या. मध्ये जेवढ्या होत्या तेवढ्या सगळ्या; बाकीच्या कडेकडेलाच होत्या, तिथे पाय पेलतो. त्या आणून कडेला, भक्कम जमीन जिथे संपते तिथे, एका रांगेत व्यवस्थित रोवल्या. दुसऱ्या दिवशी रखमाजीची दोनशे मेंढरं बिनघोर चरून गेली. गजराबाईने मेंढरांच्या आणि काठ्यांच्या मध्ये उभं राहून सुस्कारा टाकला, आणि विषय संपला असं तिला वाटलं. पोरीकडे फोन आहे, वरचे उपग्रह-बिपग्रह तिला जागा दाखवतात, काठ्या काय, नुसती शोभा!

फेब्रुवारीत वृषालीला डेंग्यू झाला. मोजायला संस्थेतली दुसरीच दोन पोरं आली. त्यांनी काठी बघितली, नंबर बघितला, शेजारी रॉड खुपसला, वहीत आकडा लिहिला, पुढची काठी. फोनात जागा बघायचे कष्ट कोण घेतो? नंबर समोर लिहिलेला आहे! गजराबाईने दुरून त्यांना कडेकडेने मोजताना बघितलं. कड झाली की मध्ये जातील, असं ती समजली. ती मध्ये गेली नाहीत. तेही तिला बरंच वाटलं, कुणाची तरी पोरं वाचली. पोरं दुपारी चारलाच सामान आवरून, लवकर आटोपलं म्हणून शिट्ट्या वाजवत उतरून गेली.

मार्चात ग्रामसभा भरली, देवळासमोरच्या मंडपात. तालुक्याचे साहेब खुर्चीवर, दादाभाऊ माईकजवळ, आणि नुकतीच तापातून उठलेली वृषाली हातात कागद धरून.

"सरासरी खोली," तिने वाचलं आणि कागद पुन्हा एकदा बघितला, "बेचाळीस सेंटीमीटर."

दादाभाऊच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते लपवायची त्याने तसदी घेतली नाही. "म्हंजी गुडघ्याएवढा चिखल, सायेब."

गजराबाई बायकांमधून उठली. सगळ्या सभेसमोर तिने त्या पोरीला असं झाडलं की साहेबसुद्धा खुर्चीत सावरून बसले. "बेचाळीस? आगं म्हस गिळली त्या लवणीनं, शिंगंबी दिसली न्हाईत! बेचाळीस म्हनं! फोनात बघून मोजत्यात, हवेत बोटं फिरवत्यात! मातीला हात न लावता मातीचा हिशेब! तुझा आजा असता तर त्यानं कानफटात दिली असती. काय शिकीवलं तुला पुन्यात?"

वृषालीने कागदाची घडी घातली. ती मंडपातून निघून देवळाच्या पायरीवर जाऊन बसली. तिकडे दादाभाऊने ठरावावर सह्या घ्यायला सुरुवात केली. गजराबाई तिच्यामागे गेली. अजून राग उरला होता, तो वाया कशाला घालवायचा?

"बघा तुम्हीच," वृषालीने कागद तिच्यासमोर आपटला, आणि मग गजराबाईला वाचता येत नाही हे आठवून स्वतःच वाचू लागली. "सतरा नंबर. तीस सेंटीमीटर, खाली मुरूम. सतरा नंबर मधोमध आहे आज्जी! काठी रोवताना मीच कमरेपर्यंत गेले होते, फळीला लटकून बाहेर आले. तिथे मुरूम? अठरा, अठ्ठावीस सेंटीमीटर. एकोणीस, पस्तीस. ही लवण रातोरात वर आली का? मी वेडी झालेय की काय तेच कळत नाहीये."

"सतरा," गजराबाई म्हणाली. "त्या काठीच्या डोक्याला तडा गेलेला, वर काळ्या शाईचा डाग?"

वृषालीने मान वर केली. "तुम्हाला कसं माहीत?"

गजराबाईला ती काठी चांगलीच आठवत होती. त्या काठीचं कुसळ तिच्या तळहातात घुसलं होतं, आणि दोन दिवस ठणकत होतं. तिने हाताकडे बघितलं. मग मंडपाकडे. दादाभाऊ कागद फिरवत होता, माणसं अंगठे आणि सह्या देत होती. तिला एकदम मेंढरांची आठवण झाली. मेंढरांना पाणी दाखवायचं राहिलंय, असं काहीतरी पुटपुटत ती चार पावलं वाटेला लागलीसुद्धा. मेंढरांना पाणी सकाळीच दाखवलं होतं. हे तिला माहीत होतं, आणि आपल्याला माहीत आहे याचाच तिला संताप आला. आत्ताच, याच तोंडाने, सगळ्या गावासमोर त्या पोरीची अब्रू काढली होती. आता याच तोंडाने ते गिळायचं. बावन्न वर्षांत तिने एकदाही काही गिळलं नव्हतं.

ती वळली आणि तरातरा मंडपात शिरली.

"सह्या थांबीव, दादाभाऊ. काठ्या म्या हलिवल्या."

दादाभाऊ सह्यांचा कागद घेऊन वळला.

"अकरा काठ्या. मधल्या. उपटून कडंला लावल्या. त्या पोरांनी कडच मोजली. लाल चिंधी मधी लावत्यात का कुनी? रखमाजीची दोनशे मेंढरं येनार व्हती."

रखमाजी मागून म्हणाला, "आलो व्हतो की. चिंधी बघूनच चारली." मेंढरं पाळणारी चार म्हातारी माणसं माना डोलावू लागली; त्यांना यात काहीच वावगं दिसेना. वावगं दिसलं ते वृषालीला. ती पायरीवरून धावत आली होती आणि तिचं पुणं पार गळून पडलं होतं.

"उपटल्या? आज्जी, तुमी उपटल्या? अन् मला वरनं शिव्या घातल्या? चिंधी लाल असती हे तुमी मला एकदा तरी सांगितलं व्हतं का? वही भरली माझी! पावलं सांगितली, वणवा सांगितला, मेंढ्याचा खूर सांगितला! मला वाटलं हाताला लागंल ती चिंधी बांधत्यात! लालच लागती हे न्हाई सांगितलं!"

"ते काय सांगायचं? कुक्कू लाल असतंय हे सांगतं का कुनी कुनाला?"

"मला विचारायचं तरी!"

"रेंज व्हती का?"

दादाभाऊने माईक पुढे ओढला. "म्हंजी सायेब, मोजनीच खोटी. काठ्याच हलल्या तर कसला रिपोर्ट? ठराव करून टाकू." पण साहेबांना बेचाळीसवर सही करायची होती ती आता करवेना. त्यांनी घड्याळ बघितलं, डायरी बघितली आणि शुक्रवारपर्यंत पुन्हा मोजा म्हणून सांगितलं. चार दिवस.

त्या चार दिवसांतले तीन वृषाली गजराबाईशी आकड्यांपलीकडे एक अक्षर बोलली नाही. "रॉड." "फळी." "धरा." "एक मीटर सत्तर." संस्थेतल्या पोरांना तिने बोलावलं नव्हतं, त्यांचं नाव निघालं तरी तिच्या कपाळाची शीर ताठ व्हायची. फोनात जागा बघायची, तिथवर फळ्या आणि बांबूच्या ताट्या अंथरायच्या, दोघींनी सरपटत जायचं. गजराबाईला कुठला गड्डा पेलतो आणि कुठला दगा देतो ते ठाऊक होतं, म्हणून पुढे ती, मागे वृषाली. फीत या वेळी पांढरी होती. ती कोणी सुचवली यावरही दोघी बोलल्या नाहीत.

अकरा जागांपैकी दहा झाल्या. अडीच मीटर, तीन, तीन वीस. गुरुवारी दुपारी सतरा नंबर. एक रॉड गेला, दुसरा जोडला, तोही गेला, तिसरा, चौथा. लोण्यात सुरी जावी तसे जात राहिले. पाचवा मुठीएवढा गेल्यावर खट्ट आवाज झाला.

"चार मीटर दहा," वृषाली म्हणाली, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर काहीतरी हललं.

मग नमुना घ्यायचा होता. त्यासाठी तिच्याकडे लांब दांड्याचं गिरमिट होतं, अर्धी नळी असलेलं. ते खाली नेऊन फिरवलं की त्या खोलीवरचा लगदा नळीत भरून वर येतो. पहिल्या दोन खेपांत गवत आलं, हजार-बाराशे सालांचं, वर येताना पिवळसर आणि बघता बघता हवेने काळं पडणारं. तिसरी खेप दोन मीटरवरची. वृषालीने नळी उघडली आणि कपाळावर हात मारला.

"शी! यात केसासारखं काय आलंय? नमुना बिघडला. परत घ्यावा लागणार." तिने चिमट्याने ते बाजूला काढलं आणि झटकून टाकायला हात उचलला.

"थांब," गजराबाई म्हणाली.

तिने ते चिमट्यातून घेतलं. लवणीच्या पाण्यात धुतलं. काळ्या लोकरीचा झुबका होता, आणि त्यात अडकलेला वीतभर लोकरीचाच दोरा. मेंढराच्या गळ्यात बांधतात तसा. कुजला नव्हता, विरला नव्हता. तिने तो दोन बोटांत धरून फिरवला. उजवीकडे फिरवला तर उलगडायला लागला. म्हणजे पीळ उलटा होता.

ती ताटीवर तशीच बसून राहिली. वृषालीने आधी घड्याळ बघितलं, मग तिच्याकडे.

"आज्जी, काय झालं?"

"ह्यो माझ्या बाच्या हातचा दोरा हाय."

वृषालीला नऊ मेंढरांची गोष्ट माहीत होती, कोणाला नव्हती? "ती काठी कुणीतरी उपटली होती ना," ती हळूच म्हणाली.

"कुनी उपटली न्हवती." गजराबाई लवणीकडे बघत बोलत होती. "म्या लावलीच न्हवती. बा म्हनला, पुढं जा आन् काठ्या लावून ये. म्या वाटंत आवळं येचत बसले. आन् परत जाऊन सांगितलं, लावल्या. त्यानं माझ्या शबुदावर मेंढरं सोडली. मंग म्या म्हनले, कुनीतरी उपटली. बा काय बोलला न्हाई. मरस्तवर बोलला न्हाई. मला वाटायचं त्याला खरं वाटलं."

मग वृषालीने नळी धुतली. पिशवीतून एक छोटी प्लास्टिकची पिशवी काढली, त्यात दोरा ठेवायला दिला आणि म्हणाली, "दोन मीटरचा नमुना परत घ्यावाच लागेल, आज्जी. दांडा धरता?"

गजराबाईने दांडा धरला.

शुक्रवारी मंडप पुन्हा भरला. वृषालीने आकडा वाचला: सरासरी एक मीटर तीस. अंदाजे किती टन कार्बन तेही तिने वाचलं, पण ते ऐकायला कोणाचे कान मोकळे नव्हते. लवणीला हात लावायचा नाही, हे साहेबांनी लिहून सही केली तेवढं सगळ्यांना कळलं. दादाभाऊने फाईल बंद केली. हरला होता, पण गप्प बसणाऱ्यातला नव्हता. त्याने माईकवरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "पर काकी, आता ह्या पांढऱ्या काठ्या तिथंच ऱ्हानार. उद्या पुन्यांदा कुनी उपटल्या, तुमच्या बाच्या टायमाला उपटली तशी, तर जिम्मेदार कोन?"

गजराबाई बायकांमधून उठली. लोक सावरून बसले. आता आवाज चढणार हे सगळ्यांना माहीत होतं. वृषालीने हातातला कागद खाली ठेवला.

आवाज चढला नाही.

"कुनी उपटत नसतंय, दादाभाऊ," ती म्हणाली. "माझ्या बाची काठी बी कुनी उपटली न्हवती. म्या लावायची ऱ्हायली व्हती."

मग तिने पायात वहाणा घातल्या आणि ती माळाच्या वाटेला लागली. मेंढरांना खरोखरच पाणी दाखवायचं राहिलं होतं.